सुजेवर दाढ काढली म्हणून मानेत पू उतरला का?

दक्षिण नागपुरात एकत्र कुटुंबात राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे भासरे, म्हणजे मोठे दीर, चाळिशीतले, इतवारीत ठोक किराण्याच्या दुकानात कामाला, खर्र्याची (घोटलेल्या तंबाखू-सुपारीची) जुनी सवय. दिवाळीपासून त्यांची खालची दाढ ठणकत होती. ठणकली की औषधाच्या दुकानातून चार गोळ्यांची पुडी यायची आणि दोन दिवसांत दुखणं थांबायचं. एप्रिलमध्ये जबड्याखाली सूज आली. घरातलं कुणी हलेना, तेव्हा ताईच त्यांना सोमवारी दंतवैद्याकडे घेऊन गेल्या. दंतवैद्यानं दाढ काढली, औषधं दिली, दुसऱ्या दिवशी दाखवायला या म्हणून सांगितलं. मंगळवारी सूज वाढली, पण ‘दाढ काढल्यावर सूज येतेच’ म्हणून सगळे थांबले. बुधवारी रात्री थुंकी गिळता येईना, आडवं झालं की श्वास कोंडू लागला. हॉस्पिटलात नेल्यावर शुगर 380 निघाली. त्यांना मधुमेह आहे हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी टाकावी लागली, मानेला दोन्ही बाजूंनी चिरे देऊन पू काढला. भासरे वाचले, घरी आले. आता सासूबाई म्हणतात, “तू नेलं म्हणून हे झालं. सुजेवर कोणी दाढ काढते का?” नवरा गप्प आहे. चुलत दीर दंतवैद्यावर तक्रार करा म्हणतो. सासूबाईंची स्वतःची वरची दाढ किडलेली आहे, त्यांनाही शुगर आहे, पण त्या आता दंतवैद्याचं नावही काढू देत नाहीत. ताईंनी विचारलं आहे: माझं चुकलं का? आणि सासूबाईंना समजावू कसं?

ताई,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण तुम्ही ते मनात धरून बसला आहात. दाढ काढल्यामुळे पू मानेत उतरला नाही. तुम्ही भासऱ्यांना दंतवैद्याकडे नेलं तेव्हा जबड्याखाली सूज आलेली होती. याचा अर्थ संसर्ग हाडाबाहेर पडून मानेच्या वरच्या भागात पोचला होता. त्या सोमवारी तुम्ही नेलं नसतं, तर सूज थांबली असती असं मानायला काहीच आधार नाही. त्या घरात त्या दाढेकडे लक्ष देणाऱ्या तुम्ही एकट्याच होता.

पण नुसतं ‘तुमचं चुकलं नाही’ म्हटल्यानं तुमचं समाधान होणार नाही, आणि सासूबाईंचं तर मुळीच नाही. म्हणून नेमकं काय झालं असावं ते सविस्तर सांगतो. मी भासऱ्यांना तपासलेलं नाही. तुम्ही लिहिलेल्या क्रमावरून बोलतो आहे.

दिवाळीत दाढ ठणकली तेव्हा कीड आतल्या शिरेपर्यंत पोचली होती. दाताच्या आत एक बारीक पोकळी असते, तिच्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात. तिथं संसर्ग झाला की सूज यायला जागाच नसते, म्हणून ते दुखणं माणसाला भिंतीवर डोकं आपटायला लावतं. मग काही दिवसांनी ती नस मरते. नस मेली की दुखणं थांबतं. घरातल्या सगळ्यांना वाटतं, गोळ्यांनी गुण आला. खरं तर त्याच वेळी मेलेल्या नसेतले जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. अँटिबायोटिकची गोळी रक्तातून पोचते, आणि मेलेल्या दाताच्या आत रक्तच जात नाही. त्यामुळे गोळीनं आजूबाजूचा जोर काही दिवस कमी होतो, मूळ जागा तशीच राहते. पुढच्या खेपेला तेच दुखणं जास्त तयारीनं येतं. भासऱ्यांच्या बाबतीत हे दिवाळी ते एप्रिल चाललं.

तुमच्या पत्रात त्या पुडीचं वर्णन आहे: एक पिवळी, दोन पांढऱ्या, एक लाल कॅप्सूल, पाकिटावर नाव काही नाही. ही पुडी नागपुरात काय, विदर्भातल्या कुठल्याही गावात मिळते, आणि मला तिची खरी धास्ती वाटते. तिच्यात साधारण एक दुखणं मारणारी गोळी, एक अँटिबायोटिक, एक पित्ताची असते आणि कधी कधी एक स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं सूज झरकन उतरते, म्हणून लोकांना ती पुडी ‘लागू’ पडते. पण तेच स्टेरॉइड शरीराची जंतूंशी लढण्याची ताकद कमी करतं आणि रक्तातली साखर चढवतं. ज्याला मधुमेह आहे आणि ते माहीतच नाही, त्याला असा डोस म्हणजे दुहेरी घाव. अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, हा कायदा आहे. तरी ते विकलं जातं, कारण काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या आपल्यालाही तेच हवं असतं. ज्या गोळीच्या पट्टीवर नाव नाही, ती घरात आणायचीच नाही, एवढा एक नियम तुमच्या घरानं यापुढे पाळला तरी पुष्कळ झालं.

आता सूज मानेतच का उतरली ते पाहू. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला एक पसरट स्नायू चिकटलेला असतो. तोंडाचा तळ म्हणजे तोच स्नायू. पुढच्या दातांची मुळं त्याच्या वर राहतात, म्हणून तिथला पू हिरडीवर पुळी होऊन तोंडात फुटतो. शेवटच्या दोन दाढांची मुळं मात्र त्या स्नायूच्या खालपर्यंत जातात, आणि तिथं जिभेकडच्या बाजूचं हाड पातळ असतं. त्या दाढांचा पू हाड फोडून निघाला की तोंडात न येता थेट जबड्याखाली उतरतो. आरशात हिरडी बघून ‘तोंडात तर काही नाही’ असं वाटतं ते यामुळेच. मानेतल्या जागा जुन्या वाड्यातल्या खोल्यांसारख्या एकमेकींत उघडतात. जबड्याखालून जिभेखाली, तिथून घशाच्या बाजूला, घशाच्या मागे, आणि फार पुढे गेलं तर थेट छातीत. दोन्ही बाजूंच्या जबड्याखाली, हनुवटीखाली आणि जिभेखाली एकाच वेळी सूज पसरली की जीभ वर आणि मागे ढकलली जाते, श्वासाची वाट बंद व्हायला लागते. या प्रकाराचं वर्णन लुडविग या जर्मन डॉक्टरनं 1836 मध्ये केलं, म्हणून त्याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. तुमच्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर बहुधा हेच नाव असेल. ते वाचून भासऱ्यांच्या हृदयालाही काही झालं असं घरात कुणी समजू नये, हृदयाशी याचा संबंध नाही.

अँटिबायोटिक नव्हती त्या काळात या आजाराचे निम्म्याहून जास्त रुग्ण दगावत. बहुतेक पू किंवा ताप यांनी नव्हे, तर श्वास कोंडून. म्हणून हॉस्पिटलात आधी श्वासाची वाट पक्की करतात, मग बाकीचं. गळ्याला भोक पाडलं याचा सासूबाईंना धक्का बसला असणार, आणि तो साहजिक आहे. ‘पोराचा गळा कापला’ हे आईच्या डोळ्यांपुढून सहजी जात नाही. पण त्यांना हे सांगायला हवं, की त्या रात्री त्या नळीनंच त्यांचा मुलगा वाचवला.

इथं खर्र्याचा विषय टाळता येत नाही. हॉस्पिटलातले डॉक्टर ‘यांचं तोंडच उघडत नाही’ म्हणाल्याचं तुम्ही लिहिलं आहे. सूज आली की जबड्याचे स्नायू आखडतात, तोंड कमी उघडतं. पण भासऱ्यांचं तोंड त्याआधीच कमी उघडत असणार. पानठेल्यावर पन्नीत घोटून देतात त्या खर्र्यातल्या सुपारीनं गालांच्या आतली कातडी हळूहळू पांढरी, ताठ, निबर होते. तिखट लागलं की आग होते, मग तोंड उघडणं कमी होतं, पुढे पाणीपुरी तोंडात जात नाही. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि नागपूर-विदर्भातल्या दंतवैद्यांना तो रोजच्या रोज दिसतो. त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो हे लोक थोडंफार ऐकून असतात. त्यानं दुसरंही नुकसान होतं, ते फारसं कुणी बोलत नाही: तोंड उघडत नाही म्हणून दाढेपर्यंत ब्रश पोचत नाही, दंतवैद्याचा हात पोचत नाही, आणि संकटाच्या वेळी तोंडातून श्वासाची नळी घालता येत नाही. गळ्याला भोक पाडण्याची वेळ येण्यात हॉस्पिटलचा निष्काळजीपणा शोधण्याआधी घरानं हे समजून घ्यावं.

आता सासूबाईंचा मुद्दा, ‘सुजेवर दाढ काढू नये’. हे त्यांच्या मनात आलं कुठून, ते मला कळतं, कारण दंतवैद्यच अनेकदा सांगतात, “सूज आहे, आधी गोळ्या घ्या, मग काढू.” त्याचं कारण बहुतेकदा असं असतं, की सुजलेल्या जागी भुलीचं इंजेक्शन नीट लागत नाही, आणि तोंड उघडत नसेल तर दाढेपर्यंत पोचता येत नाही. त्या सांगण्याचा लोकांनी नियम करून टाकला. वैद्यकाचं आजचं म्हणणं असं आहे, की जिथून पू येतो ते मूळ जितकं लवकर काढाल तितकं चांगलं, मग ते दात काढून असो की रूट कॅनॉल करून. पू साठला असेल तर त्याला वाट करून द्यायची. अँटिबायोटिक हा त्याला जोड आहे, त्याची जागा घेणारा उपाय नाही.

तरीही एक गोष्ट तुमच्यापासून लपवणं बरोबर होणार नाही. दाढ काढली की संसर्गाचा उगम जातो, पण जो पू आधीच मानेत उतरला आहे तो दाढेच्या खड्ड्यातून बाहेर येतोच असं नाही. म्हणून अशा रुग्णाची पुढच्या दोन दिवसांत बारीक नजरेनं देखरेख करावी लागते. मंगळवारी सूज वाढत होती, दंतवैद्यानं दुसऱ्या दिवशी बोलावलंही होतं, तेव्हा जायला हवं होतं. तो दिवस हातचा गेला. मंगळवारी दाखवायला गेले असते तर गळ्याची नळी टळली असती का, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आणि तो दिवस एकट्या तुमच्या हातून गेला नाही. घरात पाच मोठी माणसं होती, त्यातला एक स्वतः रुग्ण होता. दाढ काढल्यावर थोडी सूज येते हे खरंच आहे, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. पण ती गालावर असते. जबड्याच्या हाडाखाली, मानेकडे सरकणारी, हाताला लाकडासारखी कडक लागणारी सूज ही ती सूज नव्हे. हा फरक आपल्याला कुणी शिकवलेला नसतो, आणि म्हणूनच हे उत्तर मी जरा लांबवतो आहे. तुमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत.

दाढेचं दुखणं कुठल्या क्षणी दंतवैद्याच्या खुर्चीतून हॉस्पिटलच्या खाटेवर न्यायचं, हे ओळखायला फार शिकलेलं माणूस लागत नाही. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका उभी धरून तोंडात घालायला सांगा. निरोगी माणसाची तीन बोटं बहुधा जातात. सूज असताना दोनही जात नसतील, तर थांबायचं नाही. खर्रा खाणाऱ्याची अनेकदा एरवीच दोन जातात, म्हणून अशा माणसानं चांगल्या दिवसांतच आपली किती बोटं जातात ते बघून ठेवावं, म्हणजे कमी झाली तर कळेल. मग हनुवटीखाली आणि दोन्ही जबड्यांखाली हलक्या हातानं चाचपा. एका बाजूची सूज मध्यरेषा ओलांडून दुसरीकडे गेली असेल, जिभेखालचा भाग वर उचललेला दिसत असेल, स्वतःची लाळ गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल, माणूस आडवं व्हायला तयार नसेल आणि पुढे वाकून बसत असेल, यातलं एक जरी असलं तरी त्याच क्षणी निघायचं. थंडी वाजून ताप येणं, मानेची कातडी लालसर-जांभळी होणं किंवा बोटानं दाबल्यावर आत चरचर लागणं, दिसतं त्या मानानं दुखणं फारच जास्त असणं, हीही तितकीच गंभीर लक्षणं आहेत. तेव्हा मानेतले थर सडायला लागलेले असू शकतात. वरच्या दाताचं दुखणं असेल तर डोळ्याकडे लक्ष ठेवा: डोळा सुजून बंद होणं, दोन-दोन दिसणं, जोराची डोकेदुखी.

अशा वेळी गल्लीतल्या दवाखान्यांत फिरत बसू नका. जिथं ऑपरेशन थिएटर, आयसीयू आणि भूल देणारे डॉक्टर रात्रीही असतात तिथंच जायचं. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानकडे एम्स आहे. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. माणसाला बळजबरीनं झोपवू नका, तो बसतो तसा बसू द्या. पोटात काही देऊ नका, कारण ऑपरेशन लागू शकतं. सुजेवर गरम शेक, बिब्बा, कसलाही लेप लावू नका, सुई टोचून पू काढायचा प्रयत्न तर मुळीच नको. कोणकोणत्या गोळ्या घेतल्या ते सांगता यावं म्हणून रिकाम्या पट्ट्या सोबत घ्या. दिवसाची वेळ असेल, श्वासाचा-गिळण्याचा त्रास नसेल आणि नुसती दाढ ठणकत असेल, तर मेडिकलला लागूनच शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि हिंगण्याकडे खासगी दंत महाविद्यालयांच्या ओपीडी आहेत. तिथं खर्च कमी येतो. पैशांमुळे दाढ लांबणीवर टाकणारे लोक मी रोज पाहतो, त्यांच्यासाठी हे सांगतो आहे. दाखल व्हावं लागलंच, तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करावी, घरी जायच्या दिवशी नको.

दंतवैद्यावर तक्रार करण्याबद्दल. चुलत दिराचा राग मी खोडून काढणार नाही. काही प्रश्न रास्त आहेत. दाढ काढण्याआधी शुगर तपासली होती का? तोंड किती उघडतं, ताप आहे का, हे बघितलं होतं का? जबड्याखाली सूज आणि तोंड उघडत नाही असा रुग्ण असेल तर त्याला तिथूनच मोठ्या हॉस्पिटलात पाठवणं जास्त सुरक्षित असतं, तो विचार झाला होता का? पण याची उत्तरं कागदांवर असतात, आपल्या रागात नसतात. उपचारांची कागदपत्रं मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. भासऱ्यांनी स्वतः, शक्य असेल तर नवऱ्याला सोबत घेऊन, डिस्चार्ज कार्ड घेऊन त्या दंतवैद्यांना भेटावं आणि हे सगळं शांतपणे विचारावं. उत्तर पटलं नाही तर महाराष्ट्र राज्य दंत परिषद आहे, ग्राहक आयोग आहे, ती वाट उघडीच राहते. फक्त एक बघा: ‘सुजेवर दाढ काढली’ एवढ्याच मुद्द्यावर तक्रार उभी केली तर ती टिकणार नाही. आणि तक्रारीच्या निमित्तानं दिवाळीपासूनच्या पुड्यांचा विषय घरात कधीच निघाला नाही, तर पुढच्या खेपेला पुन्हा तीच पुडी येईल.

तुम्ही लिहिलंय, ‘सगळं घर मला दोष देतं’. पत्र मी दोनदा वाचलं. दोष सासूबाई देतात. नवरा गप्प आहे, जाऊबाईंबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि ज्यांच्यावर हे सगळं गुदरलं ते भासरे काय म्हणतात हेही नाही. त्यांना विचारलंत का? गळ्याची जखम भरून आल्यावर माणूस काही दिवस कमी बोलतो, चिडतो, लोकांसमोर यायला लाजतो. त्याचा अर्थ ‘हाही माझ्यावर रागावलाय’ असा तुम्ही काढला असेल तर एकदा तपासून बघा. माझा अंदाज आहे, त्या सोमवारी कोण सोबत आलं होतं हे त्यांच्या नीट लक्षात आहे.

नवऱ्याचं गप्प राहणं तुम्हाला सगळ्यात जास्त लागलं आहे. तुम्हीच लिहिलं आहे, की दोन वेळा पुडी त्यांनीच आणून दिली होती. तेही मनातून खचलेले असणार. त्यांच्याशी एकटं बोला, पण ‘तुम्हीच पुड्या आणल्या’ इथून सुरुवात करू नका. दोष तुमच्या डोक्यावरून उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला तर घर जिथं आहे तिथंच राहील. त्यांच्याकडून एकच मागा: सासूबाईंसमोर एकदा त्यांनी म्हणावं, की हिनं दादाला नेलं ते बरोबर केलं. हे वाक्य तुमच्या तोंडून शंभर वेळा गेलं तरी उपयोग नाही, मुलाच्या तोंडून एकदा गेलं तर आई ऐकेल.

राहिल्या सासूबाई. त्या तुमच्याशी भांडत असल्या तरी त्या भयंकर घाबरल्या आहेत. मुलगा दाढ काढायला गेला आणि आयसीयूत पोचला, एवढंच त्यांनी पाहिलं. आता आपली दाढ काढायला गेलं तर आपलंही तेच होईल हे त्यांचं गणित आहे, आणि त्यांना जे माहीत आहे त्यावरून ते चुकीचं नाही. त्यांच्याशी वाद घालून तुम्ही जिंकलात तरी त्या खुर्चीवर बसणार नाहीत. म्हणून ‘दाढ काढायला चला’ असं म्हणूच नका. पहिल्या भेटीत फक्त दाखवायचं आणि एक्स-रे काढायचा, हातात काही घ्यायचं नाही, हे दंतवैद्याशी आधी फोनवर ठरवून घ्या आणि ते पाळा. कदाचित दाढ काढावी लागणारही नाही, रूट कॅनॉलनं वाचेल. त्यांना तुम्ही नको, भासऱ्यांनीच सांगू द्या: “आई, माझी दाढ तेव्हाच दाखवली असती तर हे झालं नसतं.” गळ्यावरची खूण असलेल्या माणसानं हे म्हटलं की त्यात वेगळं वजन येतं.

‘वरची दाढ काढली की डोळा अधू होतो’ हेही त्यांच्या मनात असेल, आपल्याकडच्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या मनात असतं. दातांची शीर आणि नजरेची शीर अगदी वेगळ्या आहेत. दात काढल्यानं नजर जात नाही. उलट वरच्या दाताचा पू तसाच राहू दिला तर तो कधी कधी डोळ्याच्या खोबणीकडे सरकतो. हे त्यांना घाबरवायला सांगू नका, पण विचारलंच तर खरं ते सांगा. आणि ‘शुगर आहे तर दात काढता येत नाही’ हाही अर्धवट समज आहे. शुगर आटोक्यात असावी हे बरोबर. पण आत पू असेल तर तो पूच शुगर वर ढकलत राहतो, गोळ्या वाढवल्या तरी ती उतरत नाही. अशा वेळी फिजिशियन आणि दंतवैद्य दोघांनी मिळून दोन्हीकडून हात घालावा लागतो. जाताना सकाळची वेळ घ्या. त्यांना नाश्ता आणि नेहमीच्या शुगरच्या गोळ्या देऊनच न्या, उपाशी नेऊ नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनानं बंद करू नका. दंतवैद्याला सगळ्या गोळ्या दाखवा, हाडांसाठी काही चालू असेल तर तेही सांगा.

भासऱ्यांबद्दल एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. घरी आल्यावर त्यांनी ‘फक्त संध्याकाळचा एक’ म्हणून खर्रा पुन्हा सुरू केला आहे, असं पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. ताई, हे जाता जाता लिहिण्यासारखं नाही. तोंड आखडण्याचा आजार सुपारी चालू असताना मागे फिरत नाही. ती आज पूर्ण थांबवली तर निदान वाढ रोखता येते, आणि तोंड उघडण्याचा व्यायाम दंत महाविद्यालयातले डॉक्टर शिकवतात. जाऊबाईंना हे सगळं सांगा. पानठेल्यावर जाणारा पाय सुनेच्या बोलण्यानं थांबणार नाही, बायको-मुलांच्या बोलण्यानं कदाचित थांबेल, आणि तरी नाहीच थांबला तर व्यसन सोडवायला मदत मिळते, ती घ्यायला लाज वाटू देऊ नका.

त्यांची एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी हॉस्पिटलात झाली होती का ते कार्डावर बघा. तीन महिन्यांची सरासरी साखर त्यात कळते. ती 6.5 किंवा त्याहून वर असेल तर मधुमेह आधीपासून होता, संसर्गामुळे तेवढ्यापुरती साखर चढलेली नव्हती असं समजा आणि औषधं घरी आल्यावर सोडू नका. तपासणी झालीच नसेल तर याच आठवड्यात करून घ्या. त्यांच्या तोंडातले बाकीचे दातही एकदा तपासायला हवेत, ज्या तोंडात एक दाढ अशी गेली तिथं शेजारची चांगली असेलच असं नाही. सासूबाईंना ‘दाखवायला’ नेणार त्याच दिवशी भासऱ्यांचीही वेळ घ्या, दोघांना बरोबर न्या, आणि या वेळी सोबत तुमच्याऐवजी नवरा जाऊ द्या.